सोसायटीतल्या माणसासाठी राष्ट्रध्वज अर्ध्यावर आणता येतो का?

पायथ्याचा_सातारकर | २४ जानेवारी, रात्री ९.१०

आमच्या सोसायटीतले सुभेदारकाका काल रात्री गेले. वय ८१. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. एकाहत्तरच्या लढाईत होते, पण त्याबद्दल स्वतःहून कधी बोलले नाहीत. बोलायचे ते झेंड्याबद्दल. सोसायटीच्या दारात २० फुटी खांब आहे, तो त्यांच्याच आग्रहाने बसला. रोज सकाळी ध्वज चढवायचा आणि दिवेलागणीला उतरवायचा, हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. २०२२ मध्ये रात्रीही ध्वज ठेवायला परवानगी मिळाली, तरी काका सूर्यास्ताला उतरवायचेच. म्हणायचे, "दिवसभर उभा होता, आता त्याला विश्रांती."

आज सकाळी माहुलीला अंत्यसंस्कार झाले. निघताना त्यांच्या पुतण्याने घरातला तिरंगा आणला आणि म्हणाला, काकांच्या अंगावर घालू. मी सेक्रेटरी आहे. मी त्याला थांबवलं, कारण काकांनीच कधीतरी सांगितलं होतं की हे असं चालत नाही. पुतण्या काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा पडला. दुपारी परत आलो तर पोरांनी सोसायटीचा ध्वज खांबाच्या अर्ध्यावर आणून बांधला होता. मी त्यांना पुन्हा वर न्यायला लावला आणि संध्याकाळी उतरवून घेतला. एक मुलगा रडत म्हणाला, "मंत्री गेला की खाली येतो, मग आजोबांसाठी का नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. परवा २६ जानेवारी आहे. कमिटीतल्या दोघांचं म्हणणं आहे की त्या दिवशी तरी ध्वज अर्ध्यावर ठेवावा. नियम काय आहे, आणि नियमात बसून काकांसाठी काय करता येईल? जाणकारांनी कृपया सांगावं.

चिंगी | रात्री ९.२२

काकांना श्रद्धांजली. "आता त्याला विश्रांती" वाचून गलबलून आलं.

काळाकोट | रात्री ९.४८

काकांना आदरांजली. तुम्ही दोन्ही वेळा बरोबर केलंत, हे आधी सांगतो, म्हणजे तुम्हाला आज झोप लागेल.

राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंधक कायदा १९७१ चा आहे. ध्वजाचा अवमान म्हणजे नेमकं काय, याची यादी २००३ च्या दुरुस्तीने त्यात आली. सरकारच्या सूचनेनुसार सार्वजनिक इमारतींवर ध्वज अर्ध्यावर असतो तेवढे प्रसंग सोडून इतर वेळी तो अर्ध्यावर फडकवणं त्या यादीत आहे. शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी दलांचे अंत्यसंस्कार सोडून ध्वज कशावरही पांघरणं हेही आहे. सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांच्या नजरेस पडेल अशा जागी हे केलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सोसायटीचं दार हे लोकांच्या नजरेस पडणारंच ठिकाण. पोरांच्या मनात अवमान तर नव्हताच, उलट होतं. त्यांना घाबरवू नका, फक्त समजावून सांगा.

२६ जानेवारीचं उत्तर तर फार सोपं आहे. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, गांधी जयंती, ६ ते १३ एप्रिलचा राष्ट्रीय सप्ताह आणि राज्याचा स्थापना दिवस, म्हणजे आपल्याकडे १ मे, या दिवशी दुखवटा आला तरी ध्वज अर्ध्यावर येत नाही. अपवाद एकच: ज्या इमारतीत पार्थिव ठेवलेलं असेल तिथला ध्वज. तोही पार्थिव बाहेर नेलं की पुन्हा वर जातो. उद्या पंतप्रधानांचं निधन झालं तरी परवा देशभर ध्वज पूर्ण उंचीवरच राहील.

रोखठोक_कोल्हापूर | रात्री १०.०५

कायदा मान्य. पण त्या पोराचा प्रश्न कायद्याचा नव्हताच. मंत्र्यासाठी झेंडा खाली येतो आणि ज्याने सीमेवर उभं राहून झेंडा राखला त्याच्यासाठी येत नाही, हे न्याय्य आहे का? झेंडा लोकांचा आहे. नागरिकाला रोज फडकवण्याचा हक्क न्यायालयाने दिला, मग शोक करण्याचा हक्क का नाही? मला हे पटत नाही आणि पटणारही नाही.

शाळामास्तर | रात्री १०.३१

रोखठोक, तुमच्या प्रश्नाकडे येतो, पण आधी एक अनुभव.

लतादीदी गेल्या तो दिवस रविवार होता, ६ फेब्रुवारी २०२२. दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला आणि राज्य सरकारने सोमवारी सुट्टी दिली. तेव्हा मी ज्या शाळेत होतो तिथे आम्ही सकाळी जमलो. शिपाईमामांनी ध्वज बांधला, ओढत अर्ध्यापर्यंत नेला आणि तिथेच दोरी बांधून टाकली. मलाही ते ठीकच वाटलं. आमच्या पीटीच्या बाईंनी मात्र मामांना थांबवलं. म्हणाल्या, "मामा, आधी टोकापर्यंत न्या. क्षणभर तिथे थांबू द्या. मग सावकाश अर्ध्यावर आणा." संध्याकाळी उतरवतानाही तसंच. अर्ध्यावरून थेट खाली नाही, पुन्हा टोकाला नेऊन मग खाली.

मी ३० वर्षं झेंडावंदन करत आलो होतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की अर्ध्यावरचा ध्वज हा अर्धवट चढवलेला ध्वज नव्हे. तो पूर्ण चढतो आणि मग शोकासाठी खाली येतो. ज्याची जागा टोकाला आहे तोच खाली येऊ शकतो. त्या दिवसापासून मी मुलांना हे करून दाखवतो, नुसतं सांगत नाही.

ग्रामपंचायत_ते_मंत्रालय | रात्री १०.५२

मास्तर, एक दुरुस्ती सुचवतो, राग नसावा. गृह मंत्रालयाच्या आदेशात दरवेळी एक वाक्य असतं: जिथे राष्ट्रध्वज नियमितपणे फडकवला जातो त्या इमारतींवर तो अर्ध्यावर ठेवावा. शाळेत ध्वज रोज नसेल तर मुद्दाम चढवून अर्ध्यावर आणायची गरज नसते. पण हे वाक्य कुणी नीट वाचत नाही. मी १४ वर्षं ग्रामसेवक म्हणून काम केलं. वरून फोन यायचा, "दुखवटा आहे, झेंडा बघून घ्या." बघून घ्या म्हणजे काय करा, हे सांगणारं कुणी नसायचं. शेवटी मी ध्वजसंहितेतलं ते पान झेरॉक्स करून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं.

कुणासाठी कुठे, हे त्या पानावर होतं. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान: संपूर्ण देशभर. लोकसभेचे अध्यक्ष आणि सरन्यायाधीश: दिल्लीत. केंद्रीय कॅबिनेट मंत्री: दिल्ली आणि राज्यांच्या राजधान्या. राज्यपाल आणि मुख्यमंत्री: त्यांच्या राज्यभर. राज्याचा कॅबिनेट मंत्री: फक्त राज्याच्या राजधानीत. म्हणजे सातारकर, तुमच्या त्या पोराला सांगा की राज्यातला मंत्री गेला तर साताऱ्यातला ध्वज आपोआप खाली येत नाही. सरकारने वेगळा दुखवटा जाहीर केला तरच येतो.

आणि बातमी दुपारनंतर आली तर दुसऱ्या दिवशीही ध्वज अर्ध्यावर ठेवायचा, अर्थात त्या दिवशीच्या सूर्योदयाआधी अंत्यसंस्कार उरकले नसतील तर. ही ओळ मी तांबड्या पेनाने अधोरेखित केली होती, कारण फोन नेमका रात्रीच यायचा.

दर्यावर्दी | २५ जानेवारी, सकाळी ६.४०

व्यापारी जहाजांवर ३२ वर्षं काढली. झेंड्यांशी रोजचा संबंध.

समुद्रात एक जुनी रीत आहे. व्यापारी जहाज युद्धनौकेजवळून जाताना आपलं निशाण थोडं खाली करतं, आणि युद्धनौका उत्तरादाखल तेच करते. आम्ही कितीतरी वेळा केलंय. पण आम्ही खाली करायचो ते व्यापारी जहाजाचं लाल निशाण, कोपऱ्यात तिरंगा असलेलं. तिरंगा स्वतः कुणाहीसमोर झुकत नाही. काळाकोट यांनी सांगितलेल्या यादीत तेही आहे: कुठल्याही व्यक्तीला किंवा वस्तूला मानवंदना म्हणून ध्वज झुकवणं हा अवमान.

रोखठोक, मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे सापडतं. ध्वज अर्ध्यावर येतो तेव्हा तो कुणासमोर झुकत नसतो. 'देश शोकात आहे' असं ते विधान असतं, आणि देशाच्या वतीने बोलायचा अधिकार आपण एका यंत्रणेला दिलाय. मी जहाजावर असताना माझे वडील गेले. कॅप्टनने मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला, सगळे खलाशी येऊन भेटून गेले. पण निशाण होतं तिथेच होतं, आणि मला त्यात काही कमी वाटलं नाही.

रोखठोक_कोल्हापूर | सकाळी ७.१५

दर्यावर्दी, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. मुद्दा समजला, तरी माझा प्रश्न उरतोच. यंत्रणेला अधिकार दिला म्हणता, पण ती पदाकडे पाहून ठरवते, कामाकडे नाही.

मी_फोंडेकार | सकाळी ८.०२

नेहमीच असं नसतं हां. लतादीदी कुठल्या पदावर होत्या? रतन टाटा गेले तेव्हा, १० ऑक्टोबर २०२४ ला, महाराष्ट्र सरकारने एक दिवसाचा दुखवटा पाळला आणि सरकारी कार्यालयांवरचे ध्वज अर्ध्यावर आले. त्यांच्याकडे कुठलं सरकारी पद होतं? यादी पदाची आहे, पण यादीबाहेरच्या माणसासाठीही सरकार ठरवू शकतं.

आमच्या गोव्यातली आठवण सांगतो. भाई, म्हणजे मनोहर पर्रीकर, १७ मार्च २०१९ च्या संध्याकाळी गेले. दुसऱ्या दिवशी केंद्राने दिल्लीत, सगळ्या राज्यांच्या राजधान्यांत आणि अख्ख्या गोव्यात ध्वज अर्ध्यावर ठेवला. गोव्याचा दुखवटा ७ दिवसांचा होता. पार्थिव कला अकादमीत ठेवलं होतं, तिथली रांग मी कधी विसरणार नाही. माझ्या पुढे एक मासे विकणारी बाई होती, डोक्यावरची पाटी काखेत धरून उभी. ती सरकारी इमारतीवरच्या ध्वजाकडे बघून म्हणाली, "तोय खाला आयला रे." तोही खाली आला. एवढंच. त्या खालच्या ध्वजाने तिला सांगितलं की तिचं दुःख तिच्या एकटीचं नाही. प्रत्येक सोसायटी आपापल्या माणसासाठी ध्वज खाली आणायला लागली तर रस्त्यावरून जाणाऱ्याला कसं कळणार की कोण गेलं, किती मोठं काय घडलं?

चिंगी | सकाळी ८.१०

फोंडेकार, ती पाटीवाली बाई डोळ्यांसमोर उभी राहिली.

मृण्मयी_न्यूजर्सी | सकाळी ९.३५

इथल्या अनुभवावरून फोंडेकारांना दुजोरा. अमेरिकेत माजी किंवा विद्यमान राष्ट्राध्यक्ष गेले की ३० दिवस ध्वज अर्ध्यावर असतो. जिमी कार्टर २९ डिसेंबर २०२४ ला गेले, त्या ३० दिवसांतच नव्या अध्यक्षांचा शपथविधी आला, तेव्हा कॅपिटॉलवरचा, म्हणजे इथल्या संसदेवरचा, ध्वज त्या दिवसापुरता वर नेला. म्हणजे आनंदाच्या दिवशी ध्वज वर, ही गोष्ट आपल्यासारखीच. मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी हुतात्मा सैनिकांचा दिवस असतो. तेव्हा सकाळी ध्वज अर्ध्यावर आणि दुपारी १२ नंतर पूर्ण वर. दर वर्षी मी मुलांना घेऊन ते बघायला जाते. शोक दुपारपर्यंत, आणि मग त्यांच्या वतीने उभं राहायचं, असा त्याचा अर्थ मी लावते.

शिवाय राज्याचा गव्हर्नरही आदेश देऊ शकतो. कर्तव्यावर असताना एखादा पोलीस किंवा अग्निशमन दलाचा जवान गेला तरी राज्यातले ध्वज खाली येतात. आणि घरापुढच्या ध्वजाला तर कुणी अडवतच नाही, शेजारच्या आजींनी नवरा गेल्यावर महिनाभर आपल्या अंगणातला ध्वज अर्ध्यावर ठेवला होता. मला त्यांचं दुःख कळलं. पण वर्षातले इतके दिवस कुठे ना कुठे ध्वज खाली असतो की माझी मुलं आता विचारतही नाहीत, "आई, आज कोण?" भारतात असताना आम्ही विचारायचो.

मस्कतवाला | सकाळी ९.५०

आखातातली एक माहिती. सौदी अरेबियाचा ध्वज कधीच अर्ध्यावर येत नाही. त्यावर कलमा लिहिलेला आहे, आणि देवाचं नाव खाली आणायचं नाही, अशी त्यांची श्रद्धा. राजे गेले तरी ध्वज टोकाला.

नवखा_सभासद | सकाळी १०.२०

अर्ध्यावर म्हणजे नेमकं किती? आमच्या ऑफिसात कुणी हातभर खाली आणतं, कुणी तळापर्यंत.

दर्यावर्दी | सकाळी १०.४१

खांबाला ताण द्यायला दोर बांधलेला असेल तर खांबाचं टोक आणि त्या दोराची गाठ यांच्या बरोबर मध्ये. तसा दोर नसेल तर खांबाच्या अर्ध्या उंचीवर. २० फुटी खांब असेल तर १० फूट. दोरीवर आधीच रंगीत धाग्याची खूण करून ठेवा, म्हणजे घाईत चूक होत नाही.

विदर्भकन्या | सकाळी ११.०५

अवांतर होईल, पण सातारकर, तुम्ही नियमात बसून काय करता येईल असं विचारलंत. ध्वजाला काळी फीत बांधली तर?

काळाकोट | सकाळी ११.३०

नको. मिरवणुकीत किंवा संचलनात ध्वज नेताना दुखवट्याच्या दोन काळ्या फिती ध्वजाच्या काठीच्या भाल्यासारख्या टोकाला बांधतात, पण तेही फक्त सरकारचा आदेश असेल तर. खांबावर किंवा ध्वजाच्या वर फुलं, हार, काहीच ठेवायचं नसतं. काळी फीत दंडावर बांधा. काकांचा फोटो बाजूला टेबलावर ठेवून त्याला हार घाला. ध्वजाच्या घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायला मात्र पूर्ण मुभा आहे.

रोखठोक_कोल्हापूर | सकाळी ११.४४

हे पटलं. दंडावर फीत बांधणं मला जास्त खरं वाटतं.

शिलेदार_७७ | दुपारी १२.१५

आमच्याकडे १९ फेब्रुवारीला शिवजयंतीला भगवा लावायचाय. तिरंग्याच्याच खांबावर खाली लावला तर चालेल ना? खांब एकच आहे.

ग्रामपंचायत_ते_मंत्रालय | दुपारी १२.३८

नाही. ज्या खांबावर तिरंगा आहे त्या खांबावर त्याच वेळी दुसरा कुठलाही ध्वज नाही, वरही नाही आणि खालीही नाही. भगव्यासाठी वेगळा खांब उभारा, मोठ्या मानाने उभारा. तो तिरंग्यापेक्षा उंच नको आणि तिरंग्याच्या उजव्या बाजूला नको, कारण मानाची उजवी बाजू तिरंग्याची. आमच्या गावात दोन खांब आहेत आणि दोन्ही ध्वजांचा मान राहतो.

नांदेडची_खादी | दुपारी १.१०

धागा आवडीने वाचतेय. आमच्या नांदेडला खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात आणि माझी आई त्या कामावर होती. त्यामुळे झेंडा म्हटला की मला आधी शिवणयंत्राचा आवाज आठवतो.

एक खंत सांगते. डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलून पॉलिस्टरचे आणि यंत्रावर विणलेले ध्वजही चालतील असं झालं. घरोघरी ध्वज पोचला, हे चांगलंच. पण आई एकेका ध्वजाचं माप तीनतीनदा घ्यायची. लांबी-रुंदी ३:२, चक्राचे आरे २४, दोन्ही बाजूंचं चक्र अगदी एकावर एक, केशरी आणि हिरवा पट्टा केसभरही कमीजास्त नको. आता १५ ऑगस्टच्या आधी चौकात मिळणाऱ्या ध्वजांत चक्र अंडाकृती, पांढरा पट्टा अरुंद, कधी आरेच मोजून कमी भरतात. लोक प्रेमाने घेतात आणि त्यांना माहीतच नसतं. कापड कुठलंही घ्या, पण घेताना प्रमाण बघा. आणि १६ ऑगस्टला तो ध्वज कुठे आहे तेही बघा.

सातारकर, काकांनी वापरलेले जुने ध्वज असतील तर ते जपून ठेवा, त्यांचं पुढे काय करायचं ते सांगेन.

वीरांगना_सांगली | दुपारी ३.२५

मी इथे फारसं लिहीत नाही. आज राहवलं नाही.

माझे पती सेवेत असताना गेले. गावी आणलं तेव्हा पेटीवर ध्वज होता, केशरी पट्टा डोक्याकडे. मी ध्वजाला हात लावला, त्यांना लावता आला नाही म्हणून. अग्नी द्यायच्या आधी जवानांनी तो उचलला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. तो चितेवर जात नाही, मातीतही जात नाही. तो उरतो. घडी अशी घालतात की वर चक्र दिसतं, आणि केशरी-हिरव्याची कड. गेली ११ वर्षं तो तसाच माझ्या कपाटात आहे. मी घडी मोडलेली नाही.

सातारकर, त्या पुतण्याला माझ्याकडून सांगा की त्याचं मन मला कळतं. काकांचं आयुष्य बघता त्यांना तो ध्वज मिळायला हवा असं कुणालाही वाटेल. पण तो ध्वज घरातून आणून घालता येत नाही, कारण तो द्यावा लागतो. देश देतो. आपण आपल्या हाताने घातला तर देणारा कुणी उरत नाही. माझ्या कपाटातल्या घडीला जे वजन आहे ते त्यामुळेच आहे.

आणि रोखठोक दादा, सैनिकाच्या घरातली म्हणून सांगते. आमच्या माणसांसाठी ध्वज खाली आला नाही याचं आम्हाला दुःख नसतं. ते गेले तेव्हा ध्वज वर होता, याचाच त्यांना आधार होता.

माझी एक विनंती. उद्या ध्वज कुणाच्या हातून चढवणार आहात? चेअरमन, नगरसेवक यांना या वर्षी थांबवा. काकूंना विचारा. नाही म्हणाल्या तर आग्रह करू नका, पण विचारा. आम्हाला कुणी विचारतच नाही. सुतक म्हणून बाजूला बसवतात.

रोखठोक_कोल्हापूर | दुपारी ३.५८

ताई, तुमच्यापुढे मला बोलायला काही उरलं नाही. माझा प्रश्न मी मागे घेतो. तुम्हाला नमस्कार.

शाळामास्तर | दुपारी ४.२०

सुतकाच्या मुद्द्यावर कमिटीत कुणी खळखळ केली तर त्यांना सांगा की राष्ट्रध्वजाला विटाळ नाही. ध्वजसंहितेत कुठेही असं नाही. आमच्या शाळेत एका वर्षी जिच्या घरी आठ दिवसांपूर्वी वडील गेले होते त्या मुलीने ध्वज चढवला. तिला मी पुढे कॉलेजात ध्वजपथकात पाहिलं.

चिंगी | दुपारी ४.३१

ताई, मास्तर, दोघांनाही नमस्कार. सातारकर, उद्या काय झालं ते नक्की सांगा.

दर्यावर्दी | संध्याकाळी ५.१०

आणि कप्पी आजच तपासा! खोबरेल तेलाचे दोन थेंब. ऐन वेळी दोरी अडकली की खांबाखाली उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाचं काय होतं ते मला माहीत आहे. एकदा परक्या बंदरात, यजमान देशाच्या राष्ट्रीय दिनी, आमच्या बोसनला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, दोरी सोडवायला डोलकाठीवर चढावं लागलं होतं आणि अख्खा धक्का टाळ्या वाजवत होता.

पायथ्याचा_सातारकर | २६ जानेवारी, रात्री ८.४५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा मी कमिटीच्या बैठकीत वाचून दाखवला. सांगलीच्या ताईंचा प्रतिसाद वाचताना मधेच थांबावं लागलं. पुढचा भाग पुतण्याने वाचला. नंतर तो एवढंच म्हणाला, "काकांना हे माहीत होतं, म्हणूनच त्यांनी तुम्हाला सांगून ठेवलं असणार."

काकूंना विचारायला मी आणि माझी बायको गेलो. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला ती गाठ येत नाही." काका दोरीला एक विशिष्ट गाठ मारायचे, वर पोचल्यावर एका झटक्यात सुटायची. आमच्यापैकी कुणालाच ती येत नव्हती. तेव्हा परवा रडलेला तो सातवीतला मुलगा पुढे आला. म्हणाला, आजोबांनी मला शिकवलीय. रोज संध्याकाळी तो ध्वज उतरवायला त्यांच्यासोबत असायचा, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

सकाळी कप्पीला तेल घातलं. ध्वजाच्या घडीत काकूंनी त्यांच्या कुंडीतल्या शेवंतीच्या पाकळ्या घातल्या. काकांचा फोटो बाजूला टेबलावर होता. सगळ्यांच्या दंडावर काळी फीत. ध्वज चढवण्याआधी दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो. मग पोराने गाठ मारली, काकूंनी दोरी ओढली. थोडा वेळ लागला, त्यांच्या हातात तेवढं बळ नाही, पण कुणी मदतीला पुढे झालं नाही आणि ते बरोबरच झालं. वर पोचल्यावर त्यांनी झटका दिला आणि ध्वज सुटला. राष्ट्रगीत झालं. ध्वज पूर्ण उंचीवर होता. त्या मुलाने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

संध्याकाळी ध्वज त्यानेच उतरवला, सावकाश. आजपासून ते काम त्याचं.

नांदेडच्या ताई, तुम्ही जुन्या ध्वजांबद्दल विचारलं होतं. काकूंनी आज काकांची पत्र्याची पेटी उघडली. आत सोसायटीचे जुने ७ ध्वज आहेत, कडा विरलेले, प्रत्येक धुऊन घडी घातलेला, वर चिठ्ठी: कधी चढवला, कधी उतरवला. शेवटच्या चिठ्ठीवर मागच्या दिवाळीची तारीख आहे. काकांनी ते टाकले नाहीत आणि जाळलेही नाहीत. आता काय करावं?

नांदेडची_खादी | रात्री ९.२०

जीर्ण ध्वज अख्खा नष्ट करायचा, तुकडे करून नाही, आणि चारचौघांत नाही, खासगीत. शक्यतो जाळून, किंवा ध्वजाचा मान राहील अशा दुसऱ्या रीतीने. फडकं म्हणून किंवा कशात गुंडाळायला तर नाहीच. घडी तशीच ठेवा, एकेक ध्वज स्वच्छ जागी अग्नीला द्या. राख झाडाच्या मुळाशी घातली तर छान. आमच्या आईने असंच केलं होतं.

घाई मात्र करू नका. काकूंना विचारून दिवस ठरवा. आणि चिठ्ठ्या आधी काढून घ्या, त्या त्या मुलाला द्या.

पायथ्याचा_सातारकर | रात्री ९.४१

काकूंना आत्ताच विचारलं. म्हणाल्या, ६ ध्वज तेराव्यानंतर, पहाटे, मागच्या अंगणात. सातवा त्यांना काही दिवस घरात हवाय.

चिठ्ठ्या मुलाला दिल्या. तो त्या वहीत चिकटवतोय आणि खाली आजची तारीख लिहून पुढे ओळी आखून ठेवतोय.